बोलोन्यातलं एक सेमिस्टर: काय खायचं, काय बघायचं, काय सरळ सोडून द्यायचं

तुझा प्रश्न थोडक्यात असा की तू कोल्हापूरचा, आर्किटेक्चर करतोयस, सप्टेंबर ते जानेवारी एक्सचेंजवर बोलोन्याला येतोयस, घरी शाकाहारी पण अंडं चालतं, आणि दर वीकेंडला एक शहर धरलं तर पाच महिन्यांत इटली उरकेल का, खाण्याचे हाल होतील का, म्युझियमची यादी कशी करू आणि मसाले किती आणू. मी इथे बरीच वर्षं आहे, स्वयंपाकाचे क्लास घेते, बाहेरून आलेल्या पोरापोरींना बाजार फिरवते, त्यामुळे सप्टेंबर आला की हेच चार प्रश्न कानावर येतात. उत्तर लांबणार आहे, चहा घेऊन बस.

पहिल्या प्रश्नाचं आधी. इटली उरकायचा प्लॅन रद्द कर. दर वर्षी बघते, पोरं शुक्रवारी रात्री पाठीला बॅग लावून निघतात, रोम, व्हेनिस, मिलान, आमाल्फी, आणि जानेवारीत परत जायची वेळ आली तरी राहत्या गल्लीतला भाजीवाला त्यांना ओळखत नसतो. फोटो ढीगभर, आणि खाल्लं काय तर प्रत्येक स्टेशनबाहेर तेच गार सँडविच आणि चार भाषांत मेन्यू छापलेल्या हॉटेलातली तीच लाझान्या. इटली हा एक देश झाला १८६१ साली. त्याआधी बोलोन्या पोपच्या राज्यात, इथून जेमतेम ४० किलोमीटरवरचं मोदेना एस्ते घराण्याच्या ड्यूककडे, पार्मा तिसऱ्याच ड्यूककडे आणि डोंगर ओलांडून फ्लोरेन्स तोस्कानाच्या ग्रँड ड्यूककडे. प्रत्येकाचा दरबार वेगळा, चित्रकार वेगळे, ताट वेगळं. इकडे लोणी आणि अंड्याची पास्ता, डोंगरापलीकडे ऑलिव्ह तेल, डाळी आणि चक्क बिनमिठाचा पाव. डिसेंबर २०२५ मध्ये युनेस्कोने इटालियन स्वयंपाक वारशाच्या यादीत घेतला (बैठक दिल्लीत होती, आपली दिवाळीसुद्धा त्याच बैठकीत यादीत गेली) तेव्हा माझ्या शेजारणीचा पहिला प्रश्न होता, कुठला इटालियन, आमचा की रोमवाल्यांचा? थट्टा नव्हती ती.

तेव्हा माझं म्हणणं असं की बोलोन्यात मुरायचं, आसपासची शहरं लोकल गाडीने सकाळी जाऊन संध्याकाळी परत अशी करायची, आणि लांबच्या फेऱ्या तीन-चारच, त्यासुद्धा दिवाळीच्या खरेदीसारख्या घाईत नाही.

आता खाणं. बोलोन्याला लोक तीन नावांनी ओळखतात, विद्वान, लठ्ठ आणि लाल. विद्वान म्हणजे १०८८ पासूनचं विद्यापीठ, लाल म्हणजे विटांचा रंग आणि नंतर राजकारणाचाही, आणि लठ्ठ कशामुळे ते क्वाद्रिलातेरो नावाच्या जुन्या बाजाराच्या गल्ल्यांत शिरलास की नाकालाच कळेल. इथे जेवणाचा विषय किती सिरियस असतो बघ, १९७२ साली चेंबर ऑफ कॉमर्सकडे सोन्याची एक ताल्यातेल्ला, म्हणजे पास्त्याची चपटी लांब पट्टी, जमा केलीय, शिजल्यावर तिची रुंदी ८ मिलीमीटर असली पाहिजे म्हणून. १९८२ मध्ये रागूची, म्हणजे जगभर जो बोलोनीज सॉस म्हणून विकला जातो त्याची, कृती तिथेच नोंदवली आणि २०२३ मध्ये ती सुधारून परत नोंदवली. तो रागू ताल्यातेल्लेवर किंवा लाझान्यात घालतात, स्पॅगेटीवर नाही, तशी डिश इथे फक्त टुरिस्टांच्या पाटीवर दिसते. तुला तो तसाही चालणार नाही, बीफ, आणि बहुतेक ठिकाणी सोबत पोर्कही असतं.

हाल होणार नाहीत, पण डोळे उघडे ठेवावे लागतील, कारण इथे 'मी शाकाहारी' म्हटलं की लोक ताटातून मांसाचे तुकडे काढतात आणि खूश होतात. मांसाचं पाणी, डुकराची चरबी यांना ते मांसात धरतच नाहीत, फसवायचं म्हणून नाही, डोक्यातच येत नाही. तीन शब्द पाठ करून ये. ब्रोदो, म्हणजे स्टॉक, रिसोत्तोत आणि सूपात असतो, भाज्यांचा आहे का ते विचारायचं. स्त्रुत्तो, म्हणजे डुकराची चरबी, ही पियादीना नावाच्या इकडच्या चपट्या पावाच्या कणकेत, तळलेल्या क्रेशेंतीनेत आणि फेराराच्या त्या पिळाच्या पावात असते, पियादीना मात्र ऑलिव्ह तेलाची हमखास मिळते, सांगावं लागतं एवढंच. आणि काल्यो, म्हणजे चीज विरजायला लागणारं रेनेट, हा सगळ्यात अवघड विषय.

कारण पार्मिजानो रेज्जानो. हे चीज वासराच्या जठरातल्या रेनेटशिवाय करताच येत नाही, तसा नियमच आहे, आणि ते इथे प्रत्येक पदार्थावर भुरभुरतात. ग्राना पादानोचंही तेच, पेकोरीनो रोमानोचंही तसंच काहीसं. पाकिटावर 'काल्यो वेजेताले' किंवा 'मिक्रोबिको', म्हणजे जनावराचं रेनेट नसलेली, असं लिहिलेली चीजं मिळतात, शोधावी लागतात. तू कुठे रेघ ओढायची ते तुझं तू ठरव, मी कोणाला शिकवत नाही, पण घरच्यांशी बोलून येतानाच ठरवून ये म्हणजे पहिल्याच आठवड्यात कोणाच्या घरी जेवायला बोलावलं तर टेबलावर गोंधळ नको. इथली लोकं प्रेमाने वाढतात, नाही म्हटलेलं चालतं पण आधी सांगितलेलं हवं.

खाण्यासारखं काय काय आहे ते ऐक. तोर्तेल्लोनी, आत रिकोत्ता आणि पार्स्ली, वरून लोणी आणि सेजची पानं. (तोर्तेल्लीनी वेगळी, ती लहान, आत पोर्क, हॅम आणि मोर्तादेल्ला, आणि पोहतात मांसाच्या पाण्यात, ऑर्डर देताना जीभ घसरू देऊ नकोस.) फेराराचे भोपळ्याचे कापेल्लाच्ची, गोडसर, जायफळाचा वास, ऑक्टोबर-नोव्हेंबरात खाच. पिझ्झात मारिनारा, टोमॅटो, लसूण, ओरेगॅनो, तेल, चीज नसतंच. फ्लोरेन्सला गेलास तर पाप्पा आल पोमोदोरो, म्हणजे शिळा पाव टोमॅटोत शिजवून केलेलं, आणि रिबोल्लिता, पाव, काळा कोबी आणि पांढऱ्या घेवड्याचं. पिसा-लिव्होर्नोकडे बेसनाची चेचिना मिळते, भट्टीत भाजलेली, वर मिरपूड. आणि हो, गार्लिक ब्रेड, चिकन घातलेला पास्ता, क्रीम घातलेला कार्बोनारा हे शोधत बसू नकोस.

हॉटेलपेक्षा बाजारातून घेऊन खाणं जास्त परवडेल आणि जास्त कळेल. मेर्कातो देल्ले एर्बे ही भाजीची मंडई आहे, छपराखालची. भाजीला हात लावायचा नाही, दाबून बघायचं नाही, तो देईल, तू सांगायचं आज खायचंय की उद्या, तो त्याप्रमाणे पिकलेलं निवडतो. दोन-तीन वेळा त्याच माणसाकडे गेलास की पार्स्लीची जुडी फुकट पिशवीत पडायला लागते. आणि ओस्तेरिया देल सोले नावाची एक जागा आहे १४६५ पासूनची, तिथे ते फक्त पेय देतात, जेवण तुझं तू बाहेरून आणायचं, म्हातारे पत्ते खेळत असतात, पोरं पाव आणि ऑलिव्ह मांडून बसलेली असतात, शाकाहाऱ्याला याहून सोयीचं ठिकाण नाही.

सेमिस्टरचा खरा फायदा हा की टुरिस्टाला ऋतू बदलताना दिसत नाही, तुला दिसेल. सप्टेंबरात अंजीर आणि द्राक्षं, ऑक्टोबरात पोर्चीनी मशरूम आणि चेस्टनट, नोव्हेंबरात नवीन ऑलिव्ह तेल, हिरवंगार, घशाला झोंबणारं, ते फक्त भाजलेल्या पावावर ओतून मीठ टाकून खायचं, बाकी काही नको. नोव्हेंबर-डिसेंबरात धुकं उतरतं आणि आर्टिचोक, रादिक्क्यो, कोबी सुरू होतात. डिसेंबरात घराघरात पास्ता वळायला बसतात.

त्या वळण्याबद्दल जरा जास्त सांगते, तो माझाच धंदा आहे. १०० ग्रॅम मैद्याला एक अंडं, पाणी नाही, मीठ नाही, तेल नाही. लाकडी पाटावर मैद्याचं आळं करून मधे अंडी फोडायची, काट्याने कडेचं पीठ आत ओढत जायचं, मग दहा-पंधरा मिनिटं मळायचं, तळहाताच्या गादीने पुढे ढकलायचं आणि दुमडून घ्यायचं. सुरुवातीला गोळा हट्टी असतो, तडकतो, वाटतं पाणी हवं होतं. नको. तो सैल होतोच, आणि अर्धा तास झाकून ठेवला की हाताखाली एकदम शहाणा होतो. लाटणं जवळपास मीटरभर लांब असतं, आणि इथेच आपल्याकडच्या पोरी-पोरांची पंचाईत होते, कारण पोळी लाटायची सवय म्हणजे कडेवर दाब देऊन गोल फिरवायची, इथे तसं केलं की कडा पातळ आणि मधे जाड. यांची पद्धत म्हणजे पारी लाटण्यावर गुंडाळायची आणि गुंडाळत असतानाच दोन्ही तळवे मधून बाहेरच्या बाजूला सरकवायचे, पारी दाबाने कमी आणि ओढीने जास्त पसरते. लाकडावरच लाटायची, स्टीलवर किंवा संगमरवरावर नाही, लाकडाने पारीला बारीक खरखरीतपणा येतो आणि सॉस त्याला धरतो. जुन्या बायका म्हणतात, पारी हातात उचलून धरली की पलीकडे सान लुकाचं देऊळ, म्हणजे गावाबाहेरच्या टेकडीवरचं चर्च, दिसलं पाहिजे. ज्या बायका हे काम करतात त्यांना स्फोल्यीना म्हणतात, बाजारातल्या दुकानांत काचेपलीकडे दिसतात, उभा राहून बघ, हात बघायचे, चेहरा नाही.

पार्मिजानो खाणार नसलास तरी तयार होताना बघायला जा. सकाळी लवकर जावं लागतं, गवळ्याच्या वेळेला, दहा-साडेदहाला काम संपलेलं असतं. आदल्या संध्याकाळचं दूध रात्रभर ठेवून साय काढलेलं, त्यात सकाळचं सायीसकट, तांब्याच्या उलट्या घंटेसारख्या कढया, रेनेट पडलं की काही मिनिटांत घट्ट, मग मोठ्या तारांच्या रवीने मोडून गव्हाच्या दाण्याएवढं करतात आणि ५५ अंशांपर्यंत तापवतात. तळाशी बसलेला गोळा कापडात उचलतात, सुरीने अर्धा करतात, दोन जुळी चाकं. एका चाकाला साधारण ५५० लिटर दूध, वजन चाळीस किलोच्या आसपास. मग मिठाच्या पाण्यात काही आठवडे आणि फळीवर किमान १२ महिने. वर्ष झालं की तपासनीस येऊन छोट्या हातोडीने ठोकून आवाज ऐकतो, आत पोकळी आहे का ते त्याला आवाजावरून कळतं. मोदेनाला गेलास तर बाल्सामिक व्हिनेगरची माळ्यावरची पिंपं बघ, दुकानात मिळतं ते साधं व्हिनेगर घातलेलं, खरं 'त्रादिझ्योनाले' नुसत्या आटवलेल्या द्राक्षाच्या रसाचं, किमान १२ वर्षांचं, १०० मिलीच्या ठरावीक बाटलीत. माळा का, तर उन्हाळ्यात तापायला हवा आणि थंडीत गार पडायला हवा.

चालीरीतींत फार लिहीत नाही. कॉफी काउंटरला उभं राहून, सव्वा-दीड युरो, तीच टेबलावर बसून घेतली की महाग. बिलात कोपेर्तो म्हणून माणशी दोन-तीन युरो लागतात, ती फसवणूक नाही, मेन्यूवर लिहिलेलं असतं. दुपारी अडीच ते सात किचन बंद, भूक लागली तर तुझी तू सोय कर. दुकानात शिरताना बुवोनजोर्नो म्हणायचंच, न बोलता वस्तू उचलायला लागलास तर उद्धट वाटतोस.

आता कला. यादी करू नकोस असं मी म्हणणार नाही, पण उलट्या बाजूने कर. उफ्फीत्सी, म्हणजे फ्लोरेन्सचं ते प्रसिद्ध म्युझियम, तिथून सुरुवात करायची नाही, आपल्या रोजच्या रस्त्यावर जे आहे तिथून करायची. क्वाद्रिलातेरोत भाजी घेतलीस की लागूनच सांता मारिया देल्ला वीता हे चर्च आहे, आत निक्कोलो देल्लार्काचा मृत येशूभोवतीचा विलाप, पंधराव्या शतकातला, भाजलेल्या मातीच्या माणसाएवढ्या मूर्ती. छोटं तिकीट आहे. डावीकडे एक जण हातोडी घेऊन गुडघ्यावर बसलाय आणि तो शवाकडे नाही, तुझ्याकडे बघतोय. उजवीकडच्या दोन बायका अक्षरशः धावत येताहेत, मॅग्डालेनचा पदर वाऱ्याने मागे फाटून निघालाय, तोंड पूर्ण उघडं, आणि तिच्या अलीकडची हात पुढे करून ते दृश्य ढकलून देतेय. माती आहे ती, पण आवाज ऐकू येतो म्हणजे येतोच. एका खेपेला एवढंच बघायचं, बाहेर पडायचं, दुसरं काही बघायचं नाही त्या दिवशी.

सान दोमेनिको चर्चमध्ये त्या संताच्या कबरीवर विशीतल्या मायकेलअँजेलोने १४९४-९५ मध्ये कोरलेल्या तीन लहान मूर्ती आहेत, एक मेणबत्ती धरलेला देवदूत, फ्लोरेन्समध्ये त्याच्या डेव्हिडसाठी रांग लागते आणि इथे तू एकटा उभा असतोस. सान पेत्रोनियो हे चर्च तर तुझ्यासाठीच आहे, १३९० ला सुरू केलं आणि दर्शनी भाग आजही अर्धा, खाली संगमरवर आणि वर उघड्या विटा. आत जमिनीवर कास्सीनी या खगोलशास्त्रज्ञाने १६५५ मध्ये आखलेली ६७ मीटरची रेषा आहे, छताजवळच्या भोकातून सूर्याचा कवडसा पडतो आणि रेषेवरून सरकतो. थंडीत दुपारी १२ च्या सुमारास जा, उन्हाळी वेळ चालू असेल तर १ च्या सुमारास. महिन्या महिन्याने जाऊन कवडसा कुठे पोचला ते बघ, हे सेमिस्टरवाल्यालाच शक्य आहे. आणि मोरांदी. आयुष्यभर इथेच राहून बाटल्या, डबे आणि फुलदाण्या रंगवणारा माणूस, वीया फोंदात्सामधलं त्याचं घर बघता येतं. पहिल्यांदा कंटाळा येईल, डिसेंबरात परत जा, इथलं धुकं डोळ्यात मुरल्यावर ते रंग कुठून आले ते कळतं.

पोर्तिकोंबद्दल, म्हणजे घरांखालच्या कमानींच्या झाकलेल्या फुटपाथांबद्दल, तू आर्किटेक्ट म्हणून विचारलं नाहीस याचं आश्चर्य वाटलं. विद्यापीठामुळे गावात माणसं मावेनात, तेव्हा लोकांनी वरचे मजले रस्त्यावर पुढे काढले, खाली लाकडी टेकू दिले. दुसऱ्या कुठल्या गावात पालिकेने पाडले असते, बोलोन्याने १२८८ मध्ये उलटा कायदा केला की घराला पोर्तिको असलाच पाहिजे, घोडेस्वार खालून जाईल एवढ्या उंचीचा. जमीन मालकाची, चालायचा हक्क सगळ्यांचा. २०२१ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेले, आणि सान लुकाच्या टेकडीवर जाणारा तर ६६६ कमानींचा, जवळजवळ चार किलोमीटर. पावसात छत्री न घेता निम्मं गाव फिरता येतं. वहीत दर आठवड्याला एका गल्लीचं सेक्शन काढ, शेवटी तुझ्या प्रोफेसरला दाखवायला तेच उपयोगी पडेल. खोल्यांची टंचाई मात्र अजून तशीच आहे, येण्याआधी महिने-महिने शोधायला लाग आणि खोली न बघता, करार न वाचता कोणालाही पैसे पाठवू नकोस. आणि आसिनेल्ली मनोरा पदवीआधी चढला की पदवी मिळत नाही अशी इथल्या पोरांची समजूत आहे. शेजारचा गारिसेंदा कलण्यामुळे २०२३ पासून परिसर बंद केलाय, त्यामुळे तुझी पदवी तूर्त सुरक्षित.

बाहेरच्या फेऱ्यांत माझी निवड: रावेन्ना, फेरारा, मोदेना लोकल गाडीने. रावेन्नात गाल्ला प्लाचीदियाची छोटी समाधी, पाचव्या शतकातली, खिडक्यांना काचेऐवजी अलाबास्टरच्या पातळ पाट्या आहेत, मधासारखा उजेड येतो आणि निळं मोझेक हळूहळू दिसायला लागतं, डोळ्यांना वेळ दे. पादोव्हात जोत्तो या चित्रकाराने रंगवलेलं स्क्रोवेन्यी चॅपेल, १३०५ च्या सुमारास पूर्ण झालेलं, आधी बुकिंग लागतं, आत सोडण्याआधी हवा स्थिर करायला एका खोलीत बसवतात. ओल्या चुन्यावर एका दिवसात जेवढं रंगवता येईल तेवढाच गिलावा करायचा ही फ्रेस्कोची पद्धत, नीट बघितलंस तर त्या दिवसादिवसाचे जोड भिंतीवर दिसतात. येण्याआधी अजिंठा बघितला नसशील तर बघून ये, तिथे सुकलेल्या गिलाव्यावर रंगवलंय, आणि फरक डोळ्याला लगेच कळतो. गंमत म्हणजे १९२० च्या सुमारास निजामाने अजिंठ्याची चित्रं वाचवायला इटलीहूनच दोन तज्ज्ञ बोलावले होते. त्यांनी रंग निसटू नये म्हणून लाखेचा थर दिला, तो पुढे पिवळा पडला आणि नंतरच्या लोकांना तो काढत बसावं लागलं.

फ्लोरेन्स हायस्पीड गाडीने पाऊण तासाच्या आत, पण दोन-तीन वेळा जा आणि प्रत्येक वेळी एकच ठिकाण. उफ्फीत्सी सोमवारी बंद. तिथे एवढा खजिना एका जागी का आहे, तर तिथे राज्य करणाऱ्या मेदिची घराण्याच्या शेवटच्या बाईने, आन्ना मारिया लुईझाने, १७३७ च्या करारात घालून ठेवलं की यातलं काही शहराबाहेर जायचं नाही. सरकारी म्युझियम महिन्याच्या पहिल्या रविवारी फुकट असतात, त्या दिवशी फ्लोरेन्सला जाऊ नकोस, गर्दीत मान फक्त दिसते, बोलोन्याच्या पिनाकोतेकात, म्हणजे चित्रसंग्रहालयात, जा, राफाएलची सेंट सेसिलिया तिथेच आहे. दोन युरोचं तरुणांचं तिकीट युरोपियन युनियनच्या नागरिकांसाठी असतं, त्या भरवशावर बजेट करू नकोस.

कागदपत्रांचं पटकन. पोचल्यावर ८ कामाच्या दिवसांत पोस्टातून पेर्मेस्सोचा, म्हणजे राहण्याच्या परवान्याचा, अर्ज टाकायचा, १६ युरोचा स्टँप लागतो, पावती जपून ठेव. लोकल गाडीचं कागदी तिकीट फलाटावरच्या मशीनमध्ये टोचून घ्यायचं, नाहीतर दंड, मला माहीत नव्हतं म्हटलेलं तिकीटचेकर ऐकत नाही. संप आधी जाहीर होतो, कामाच्या दिवशी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ लोकल गाड्या चालवणं बंधनकारक असतं, त्या वेळात परत ये.

मसाल्यांचं. जिरं, हळद, डाळी, आटा, कोथिंबीर हे सगळं स्टेशनच्या मागे बोलोन्यीना भागातल्या बांगलादेशी आणि पाकिस्तानी दुकानांत मिळतं, त्याने बॅग भरू नकोस. घरची कांदा-लसूण चटणी मात्र आण, अर्धा किलो पुरे, दोन पिशव्यांत घट्ट बांधून आणि चेक-इनच्या बॅगेत. कुकर आणायचा असेल तर आधी घरमालकाला विचार की शेगडी गॅसची आहे की इंडक्शन, ॲल्युमिनियमचा असेल तर इंडक्शनवर चालणार नाही.